शिवेवरची भाऊबीज

दिवाळी अंकासाठी ‘एखादी भयकथा’ पाठवा, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा आमच्या घरात मोठा हशा पिकला. मी पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला. भुताखेतांशी माझा संबंध म्हणाल, तर मुलांच्या उत्तरपत्रिकांतून शिवाजीमहाराज पानिपतावर लढताना भेटत, तेवढाच. पण फराळाचे ताट शेजारी ठेवून अंगावर काटा आणणारे काही वाचावे ही हौस वाचकांइतकीच मलाही आहे. नारायण धारपांची पुस्तके रात्री वाचून मग पाणी प्यायला उठायची चोरी, हा अनुभव मी घेतलेला आहे. त्या वाचनातून एक गोष्ट ध्यानात आली. भूत दिसले की भीती निम्मी होते. चार साधी माणसे एका घरात कोंडलेली आहेत, बाहेर काहीतरी आहे एवढेच त्यांना ठाऊक आहे, आणि हळूहळू ती एकमेकांकडेच संशयाने पाहू लागतात, तेथून खरी कथा सुरू होते.

अशी एक कथा आमच्या घरात घडलेली आहे. ती मी आजीच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली की तिच्यातला प्रत्येक विराम मला पाठ आहे. तिच्या भोवतीचा इतिहास मात्र मी पुढे पुस्तकांतून गोळा केला. दोन्ही एकत्र सांगतो.

आमचे गाव गोदाकाठचे, तेव्हाच्या अंबड तालुक्यातले. आज आम्ही जालना जिल्ह्यात मोडतो, पण हा जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. आजीच्या लहानपणी आमचा मुलूख निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होता. गादीवर मीर महबूब अली खान होते. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आमच्याकडे अजून ऐकू येते. कापसाचा नि धान्याचा व्यापार, कुंडलिका नदीच्या काठची पेठ, आणि 1827 मध्ये वसलेली हैदराबादच्या फौजेची छावणी, यांमुळे शहराला मोठी बरकत होती. 1899-1900 चा भीषण दुष्काळ पडला, आणि त्याच सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी लहान रुळांची रेल्वे जालन्यावरून सुरू झाली. आजी साल मोजायची ते ह्या रेल्वेवरून. ‘रेल आली त्याच्या तिसऱ्या साली’ म्हणजे इसवी सन 1903 च्या आसपास. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती.

आता थोडे मागे गेले पाहिजे. मुंबईत मांडवी बंदराच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी 1896 च्या सप्टेंबरात पहिला रोगी ओळखला, आणि गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, हिंदुस्थानात येऊन ठेपल्याचे जाहीर झाले. मांडवी म्हणजे धान्याची कोठारे. कोठारे म्हणजे उंदीर. पण उंदरांकडे तेव्हा फारसे कोणी पाहत नव्हते. सगळे पाहत होते ते माणसांकडे. रोगी असल्याचा नुसता संशय आला की त्याला उचलून रुग्णालयात न्यायचे, घरात कार्बोलिक अॅसिड शिंपडायचे, गटारे धुऊन काढायची, चीजवस्तू जाळायच्या, असा सपाटा सुरू झाला. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही हे लोक पाहत होते. मग बातमी पसरली की तेथे माणसांना उलटे टांगून त्यांची मोमियाई काढतात. 29 ऑक्टोबर 1896 ला गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. त्यानंतर आठवड्याभरातच दिवाळी होती. पुढच्या दोन-तीन महिन्यांत साडेआठ लाखांच्या त्या शहरातून जवळजवळ निम्मी माणसे गावाकडे पळाली. बोटींनी, आगगाड्यांनी, बैलगाड्यांनी, पायी. बरोबर बोचकी होती.

पुण्यात 1897 मध्ये जे झाले ते मराठी वाचकाला पाठ आहे. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, रँडसाहेब आले, मार्चपासून गोरे सोजीर घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले, आणि 22 जूनच्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या. ह्या गदारोळात एक गोष्ट झाकली जाते. सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घालून आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या, आणि त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी वारल्या. इतरांनी दारे लावून घेतली त्या दिवसांत एका साठी ओलांडलेल्या बाईने पाठ वाकवली. हे मी शाळेत शिकवीत असे, आणि शिकवताना दर वर्षी मला आमच्या शिवेवरचा धोंडा आठवे.

तो धोंडा गावाच्या पश्चिमेला, ओढ्याच्या अलीकडे होता. तेथे गावाची शीव संपते. पलीकडे जालन्याची वाट.

आजीचा मामा दुष्काळात मुंबईला गेला होता आणि गोदीत हमाली करीत होता. तीन वर्षे त्याचे तोंड कोणी पाहिले नव्हते. त्या वर्षी दिवाळीत भाऊबीजेला तो बहिणीकडे यायला निघाला. गाडीने जालन्यापर्यंत आला आणि तेथून दीड दिवस चालत. पण त्याच्या आधी बातमी पोचली होती. रेल्वेच्या रस्त्यावरच्या गावांतून उंदीर पडू लागले आहेत, माणसे पडू लागली आहेत, मुंबईचा माणूस म्हणजे गाठ. गावकऱ्यांनी मारुतीच्या पारावर बसून ठरवले की बाहेरचा कोणी शिवेच्या आत घ्यायचा नाही. ठराव करणाऱ्यांत आजीचे वडीलही होते. ज्याच्यासाठी आपण ठराव करतो आहोत तो आपला मेहुणा असणार, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते, आणि कळल्यावर मागे फिरण्याची सोय उरली नव्हती.

मामा ओढ्यापाशी आला. अलीकडे चार जण काठ्या घेऊन उभे होते. त्यांतल्या दोघांना त्याने लहानपणी अंगाखांद्यावर खेळवले होते. कोणी शिवी दिली नाही, कोणी मारले नाही. ‘दाजी, माघारी जा,’ एवढेच म्हणाले. तो म्हणाला, ‘भाऊबीज करतो नि जातो.’

मग आजीच्या आईने जे केले ते आमच्या घरात तीन पिढ्या सांगितले गेले. ती ताट घेऊन शिवेवर आली. मामा ओढ्याच्या पलीकडे एका दगडावर बसला. मध्ये पंचवीस-तीस हात वाळू आणि पाण्याची एक बारीक धार. तिने अलीकडून त्याला ओवाळले. वाऱ्याने निरांजन दोनदा विझले, दोन्ही वेळा काठीवाल्यांतल्या एकाने पुन्हा लावून दिले. कुंकू तिने आपल्या धोंड्यालाच लावले. मामाने ओवाळणी म्हणून आणलेले लुगडे बोचक्यातून काढून पलीकडे वाळूवर ठेवले आणि तो मागे सरला. आजी म्हणायची, ‘हिरवं व्हतं, लाल काठाचं. म्या तेवढं नवं लुगडं घरात कव्हाच पाह्यलं नव्हतं.’

मामा परत गेला नाही. ओढ्याच्या पलीकडे एका पडक्या देवळीत राहिला. कदाचित त्याच्यात चालायचे त्राण उरले नसेल. आजीची आई रोज दुपारी भाकरी आणि कोरड्यास फडक्यात बांधून द्यायची, आणि आजीने ते धोंड्यावर ठेवून पळत परत यायचे. लांबून मामा हात वर करी. चौथ्या दिवशी तिने भाकरी ठेवली तेव्हा आदल्या दिवशीची तशीच होती, मुंग्या लागलेली. ती परत आली आणि आईला म्हणाली, ‘मामानं भाकर खाल्ली न्हाई.’ आई काही बोलली नाही. गावातले दोघे गेले, देवळीवर लांबूनच कडबा टाकला आणि पेटवून दिले. लुगडे, बोचके, सगळे त्यातच गेले.

येथवरची कथा लहानपणी ऐकताना मला गावकऱ्यांचा संताप येई. पुढे मोठा होऊन जी पुस्तके वाचली त्यांनी तो संताप गेला नाही, पण त्याचा पत्ता बदलला.

प्लेगचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला यर्सां ह्या संशोधकाने शोधला होता. पण तो माणसात शिरतो कसा, ह्याचा पत्ता नव्हता. 1898 च्या जूनमध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टराने मेलेल्या उंदरावरच्या पिसवांचा मागोवा घेतला. उंदीर जिवंत आहे तोवर पिसू त्याचे ऊबदार अंग सोडत नाही. तो मेला, थंड पडला, की ती दुसरे ऊबदार अंग शोधते. उंदीर मिळाला तर उंदीर, नाही मिळाला तर माणूस. सिमाँचे म्हणणे त्या काळच्या पंडितांनी हसण्यावारी नेले. मुंबईत 1905 पासून नव्या संशोधन समितीने काम सुरू केले तेव्हा कोठे ते सिद्ध झाले. समितीचा एक प्रयोग मला फार आवडतो. प्लेगच्या जागेत गिनीपिग ठेवले. जमिनीपासून दोन इंच उंचीवर टांगलेल्याला रोग झाला. दोन फूट उंचीवर टांगलेला सुखरूप राहिला. पिसूची उडी तेवढी नव्हती.

म्हणजे सारा हिंदुस्थान ज्या अदृश्य वैऱ्याशी झुंजत होता तो जमिनीपासून वीतभर उंचीवर उड्या मारीत होता, आणि माणसे मात्र एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होती. सरकारने घराची जमीन खणली, पाणी मारले, की तेथले उंदीर शेजारच्या घरात पळत. झडतीच्या वेळी पकडलेला रोगी बहुधा कोणाला काही देऊ शकत नव्हता. रोग फुप्फुसात उतरला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा तो श्वासातून जातो. पण मामाला काखेत गाठ होती. बहिणीला त्याने लांबूनच हात वर करून दाखवली होती. त्याच्या उशाशी बसून त्याला पाणी पाजणाऱ्याला त्याच्यापासून भय जवळजवळ नव्हते. भय होते ते बोचक्याचे. गावाने बोचके जाळले ते बरोबर केले आणि माणसाला अडवले ते व्यर्थ, पण हे कळायला आणखी दोन-चार वर्षे जायची होती, नि तीही मुंबईच्या परळच्या प्रयोगशाळेत.

आता ह्या कथेतला दुसरा भाग. मामा गेल्यावर गाव निर्धास्त झाले. शीव राखली होती. त्याच हिवाळ्यात जालन्याच्या आडतीवरून रिकामी पोती आणि बियाण्याचे धान्य घेऊन गाड्या आल्या. शिवेवरच्या राखणदारांनी गाडीवानाला ओळखीचा म्हणून आत सोडले, आणि पोत्यांना कोण विचारतो? ती पोती कोठारात पडून राहिली. पुढच्या दसऱ्याच्या सुमारास एका घरातल्या बळदातून, म्हणजे भिंतीतल्या धान्याच्या कोठीतून, वास यायला लागला. उघडून पाहतात तो उंदीर मरून पडलेले.

येथे आमच्या अडाणी गावाने जे केले त्याला मी आजही मुजरा करतो. ‘उंदीर पडला की देवाला बी इचारायचं न्हाई, भाईर पडायचं,’ ही आजीची भाषा. दोन दिवसांत सगळे गाव घरेदारे सोडून रानात गेले. माळवदाची पक्की घरे रिकामी, आणि शेतांतल्या आखाड्यांवर कडब्याच्या, तुराट्यांच्या खोपी. एका खोपीपासून दुसरी दूर. भांडीकुंडी उन्हात टाकलेली. ना सूक्ष्मदर्शक, ना समिती. सरकारी डॉक्टरांनीही पुढे कबूल केले की गाव मोकळे करणे ह्यासारखा उपाय नाही. हाफकिन साहेबांनी 10 जानेवारी 1897 ला स्वतःच्या अंगावर टोचून पाहिलेली लस होती खरी, पण टोचणारे आले की आमचे लोक जोंधळ्यात लपत. लसीने मूल होत नाही असे कोणीतरी सांगितले होते.

त्या वर्षीची दिवाळी गावाने रानात केली. आणि वाचकहो, गंमत अशी की आजीच्या सगळ्या आयुष्यातली तीच सर्वांत आवडती दिवाळी! मुलांना शाळा नव्हतीच, आता घरही नव्हते. रात्री प्रत्येक खोपीपुढे एकेक पणती, काळ्या रानभर विखुरलेली. चुलीवर करंज्या तळलेल्या, बरोबर घुबडांचा घूत्कार. मोठी माणसे रोज सकाळी एकमेकांची डोकी मोजत होती हे मुलांना कळत नव्हते. बेचाळीस माणसे गेली, असे आजी सांगे. हा आकडा कोणत्या कागदावर नाही, तिच्या बोटांवर होता. नावे घेत घेत ती मोजायची.

भाऊबीजेला आजीची आई मात्र रानातून एकटी शिवेवर गेली, धोंड्याला कुंकू लावले, आणि भाकरी ठेवून आली. पुढे दर वर्षी तिने तेच केले.

पंधरा वर्षांनी दुसरा अदृश्य आला. 1918 च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले, ही त्याची सुरुवात. महायुद्धाच्या बोटींतून तो आला. पावसाळ्यानंतर त्याने दुसऱ्यांदा उचल खाल्ली, आणि 6 ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात 768 माणसे मेली. आमच्याकडे त्याला मानमोडी म्हणत. ताप चढे, मान मोडून टाकल्यासारखी दुखे, आणि धडधाकट तरुण माणूस तीन-चार दिवसांत काळानिळा पडून जाई.

आजी तेव्हा चोवीस वर्षांची. आजोबा घरजावई म्हणून आलेले असल्यामुळे ती ह्याच गावात होती. ती सांगायची ते मला कोणत्याही भयकथेपेक्षा भयंकर वाटते. ताप सुरू झाल्याचे ऐकताच गावाने सगळ्यांत आधी काय केले असेल? बळदे उघडून पाहिली. वळचणी झाडल्या. उंदीर टुणटुणीत होते! गावाने सुटकेचा श्वास टाकला. जुन्या वैऱ्याची खूण पक्की ठाऊक होती, आणि ती खूण दिसत नव्हती. माणसे पारावर बसली, एका चिलमीवर चार जण ओढत राहिले, आजाऱ्याच्या घरी समाचाराला गर्दी करीत राहिली. प्लेगात न बसलेला धडा त्यांनी उशिरा शिकून घेतला होता की आजाऱ्याला टाकायचे नाही. तो धडा ह्या वेळी चुकीचा होता. मानमोडी श्वासातून जात होती.

त्या वर्षी पाऊसही बुडाला होता. लक्ष्मीपूजनाची अमावास्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. कितीतरी घरांत पणती लावायला उठू शकेल असे माणूस नव्हते. आजीचे पहिले मूल त्यात गेले आणि तिची आईही गेली. भाकरी ठेवायचे काम आजीकडे आले.

1911 च्या शिरगणतीत निजामाच्या राज्यात सुमारे 1 कोटी 34 लाख माणसे होती. 1921 मध्ये ती 1 कोटी 25 लाखांच्या आत आली. साऱ्या देशाची लोकसंख्या दहा वर्षांत कमी भरली ती तेव्हाच एकदा. मानमोडीचा विषाणू शास्त्रज्ञांच्या हाती लागला 1933 मध्ये.

आजीला मी एकदा विचारले, तुला सगळ्यांत भीती कशाची वाटली? माझ्या मनात रझाकारांचे दिवस होते, कारण 1948 मध्ये मीही तान्हा तिच्या कडेवर बसून रानात लपलो होतो. ती म्हणाली, ‘रझाकाराला तोंड व्हतं, लेकरा. यायचा तव्हा दिसायचा. गाठीला तोंड नव्हतं. मंग आम्ही जे दिसंल त्याचंच तोंड तिला लावलं.’

इंग्लंडमध्ये ईम नावाचे एक खेडे आहे. त्याची हकिकत वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. लंडनला 1665 मध्ये प्लेग होता. तेथून ह्या खेड्यातल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, ओलसर म्हणून तो चुलीपुढे वाळत घातला, आणि त्यातल्या पिसवा जाग्या झाल्या. गावाने मग आपल्या पाद्र्याच्या सांगण्यावरून स्वतःलाच कोंडून घेतले, रोग बाहेर जाऊ नये म्हणून. शिवेवर एक दगड होता. त्यातल्या खळग्यांत शिरका भरून गावकरी पैसे ठेवीत, आणि शेजारच्या गावचे लोक तेथे भाकरी ठेवून जात. तो दगड तेथे अजून जपून ठेवला आहे. आमचा धोंडा रस्ता रुंद करताना गेला.

1994 मध्ये प्लेग पुन्हा आमच्या दाराशी आला. आदल्या वर्षी 30 सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता, आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावात ऑगस्टमध्ये उंदीर पडू लागले. भूकंपाच्या भीतीने सोडलेल्या घरांतल्या धान्यावर ते माजले, असा तर्क तज्ज्ञांनी केला. पुढच्या महिन्यात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग झाल्याची बातमी आली, लाखो माणसे शहर सोडून पळाली, पन्नासच्या वर दगावली. आमच्याकडच्या औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लीनच्या गोळ्या दोन दिवसांत नाहीशा झाल्या. आता औषध होते, कारण ठाऊक होते, पिसूचे चित्र शाळेच्या भिंतीवर मी स्वतः लावले. तरी सुरतेहून आलेल्या एका कुटुंबाला गल्लीतल्या नळावर पाणी भरू देईनात. मी मध्ये पडलो, पुष्कळ बोललो, आणि फार मोठे काम केल्याच्या समाधानात घरी आलो.

म्हणून 2020 सालचे सांगताना मला जरा अवघड जाते.

निवृत्तीनंतर मी गावीच राहतो. 24 मार्चच्या मध्यरात्री सगळा देश बंद झाला आणि दोन दिवसांत गावची पोरे माझ्याकडे आली. ‘सर, रस्त्यावर बाभळी टाकतो. बाहेरचं कोणी आत घ्यायचं न्हाई. बरोबर आहे ना?’ त्यांना इतिहासाच्या मास्तराची संमती हवी होती. माझ्या डोळ्यांपुढे ओढा आला, हिरवे लुगडे आले. पण हा रोग श्वासाचा आहे, मानमोडीच्या जातीचा आहे, हेही मी वाचले होते. घरात माझी बायको दम्याची. मी म्हणालो, ‘बरोबर आहे.’

आठ मेच्या पहाटे जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात काम करणारे मजूर आमच्या त्याच जुन्या रेल्वेच्या रुळांवर झोपले होते. मध्य प्रदेशातल्या उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतले ते वीस जण. काम बंद, गाड्या बंद. भुसावळला गाडी मिळेल ह्या आशेने रात्रभर रुळांच्या कडेने चालले, करमाडच्या अलीकडे थकून टेकले. गाड्या बंद आहेत हे त्यांना पक्के ठाऊक होते. सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली आणि सोळा जण गेले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत छायाचित्र होते. रुळांमधल्या खडीवर पोळ्या पडलेल्या. रोगाने त्यांना शिवलेही नव्हते.

ते छायाचित्र मी पाहिले त्याच आठवड्यात माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, पुण्याहून मोटरसायकलवर आला. पुण्यातली खोली घरमालकाने सोडायला लावली होती. माझी बहीण आमच्याच घरी होती. बाभळीपाशी पोरांनी त्याला थांबवले आणि मला फोन केला, ‘सर, तुमचा भाचा हाय. काय करायचं?’

मी म्हणालो, नियमाप्रमाणे करा.

नियम होता चौदा दिवस शाळेत. ज्या खोलीत मी पस्तीस वर्षांपैकी पहिली आठ वर्षे शिकविले त्याच खोलीत त्याला ठेवले. बहिणीने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. मग ती भाकऱ्या करू लागली आणि मी डबा घेऊन जाऊ लागलो. शाळेच्या फाटकाच्या खांबावर डबा ठेवायचा, दहा-बारा पावले मागे यायचे, मग तो येऊन घेणार. चौथ्या दिवशी मी फाटकाशी पोचलो तो आदल्या रात्रीचा डबा तसाच खांबावर होता. मला पुढे पाऊल टाकवेना. हाक मारायलाही आवाज फुटेना. तेवढ्यात तो मागच्या पडवीतून दात घासत आला आणि म्हणाला, ‘मामा, काल गवारीची भाजी होती ना, म्हणून नाही खाल्ली.’ मी त्याला इतक्या शिव्या दिल्या की शेजारचे लोक बाहेर आले.

त्या संध्याकाळपासून मी फाटकाबाहेर लिंबाखाली खुर्ची टाकून बसू लागलो आणि त्याला ही सगळी कथा सांगितली, थोडी थोडी करून, ओरडून. आत तो, बाहेर मी. लुगडे जाळल्याचे ऐकून तो म्हणाला, ‘सगळं जाळलं?’

सगळे नाही. आजीच्या आईने त्या रात्री ओढा ओलांडून, कोणाला न कळत, लुगड्याचा हातभर काठ फाडून आणला होता. हे आजीने मला ती जाण्याच्या वर्षी सांगितले. काखेत गाठ घेऊन मरणाऱ्या माणसाच्या कपड्याचा तुकडा तिने परकराच्या घडीत, जोंधळ्यात, कोठे कोठे लपवला आणि त्याने कोणाचेही काही झाले नाही. पुढे आजीने तो गोधडीत शिवला. लाल आता विटकरी झाले आहे, पण धागा गेलेला नाही. त्या गोधडीखाली मी लहानपणी झोपलो आहे.

शाळेच्या फरशीवर पहाटे गार लागते, असे भाचा म्हणत होताच. दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर मी ती गोधडी फाटकावर टाकून आलो.